कॅमेरा स्वस्त झाला. फोटोखाली नाव कोणाचे?

पनवेल, कामोठे, कळंबोली, खांदा कॉलनी या पट्ट्यात आज वस्तीवस्तीत फोटो काढणारी पोरे आहेत. कुणी लग्नाची कामे करते, कुणी हळदीची, कुणी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची, कुणी एखाद्या वर्तमानपत्राला अधूनमधून फोटो देते. यातले बहुतेक कुणाच्या नोकरीत नाहीत. 'फ्रीलान्स' या भारदस्त शब्दाचा आपल्याकडचा अर्थ एवढाच, की काम मिळाले तर हजेरी आणि नाही मिळाले तर घरी. सामाजिक कामाच्या निमित्ताने ही मुले भेटतात तेव्हा आम्हाला हमखास विचारतात, कमी पैशात कुठला कॅमेरा घ्यावा?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही या लेखात देणार आहोत. परंतु त्याआधी एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. काढलेला फोटो कोणाच्या मालकीचा? त्याच्याखाली नाव कोणाचे? आणि त्या फोटोत काय दिसते हे सांगणाऱ्या ओळी कोण लिहिणार? हे प्रश्न सोडून फक्त कॅमेऱ्याच्या किमतीबद्दल बोलत राहिलो, तर हातात यंत्र येईल पण सत्ता दुसऱ्याकडेच राहील. हे आम्ही हवेत बोलत नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

कॅमेऱ्यासमोर आपण, कॅमेऱ्यामागे कोण?

छायाचित्रणाचा शोध युरोपात १८३९ मध्ये जाहीर झाला आणि ही विद्या लवकरच हिंदुस्थानात पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे मान्यवर तिच्याशी जोडलेले होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रकार होते. १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे हे तंत्र एकट्या साहेबाचे राहिले नव्हते, एतद्देशीयांच्या हाती ते आले होते.

पण कुठल्या एतद्देशीयांच्या? त्या काळी काचेच्या प्लेटवर रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो घेऊन, लगेच अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. त्यासाठी रसायने हवीत, इंग्रजी पुस्तके वाचता यायला हवीत, पैसा हवा आणि पोटाची चिंता नसलेला वेळ हवा. त्याच १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहीत होती. अक्षर नुकतेच कुठे आपल्या हाती लागले होते. कॅमेरा फार लांब होता.

मात्र कॅमेऱ्यासमोर आपल्याला आणले गेले. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारी पुढाकाराने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. त्यात माणसाला माणूस म्हणून क्वचितच स्थान आहे. तो अमुक जातीचा नमुना आहे. फोटोशेजारच्या मजकुरात त्या जातीचा स्वभाव, धंदा, सरकारशी इमान किंवा बेइमानी यांची शेरेबाजी आहे. ज्याचा फोटो, त्याला तो मजकूर वाचता येत नव्हता. चेहरा आपला आणि ओळी त्यांच्या, ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

सावली विकून सत्त्व राखणारी बाई

याच काळात अमेरिकेत काय चालले होते ते पाहणे उपयुक्त आहे. ही तुलना आम्ही ओढूनताणून आणत नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांनाच अर्पण केला होता.

सोजर्नर ट्रुथ ही गुलामीत जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री. तिला लिहितावाचता येत नव्हते. पण तिने स्टुडिओत जाऊन स्वतःचे फोटो काढून घेतले, अंगावर नीट पोशाख, मांडीवर विणकाम, आणि ती छोटी कार्डे सभांमध्ये विकून आपल्या कामाचा खर्च भागवला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १८६४ मध्ये तिने त्या कार्डांचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर नोंदवला. जिच्या देहावर एकेकाळी मालकाचा हक्क होता, तिने आपल्या प्रतिमेवर स्वतःचा हक्क कायद्याने सांगितला. तिचा समकालीन फ्रेडरिक डग्लस याचे तर दीडशेहून अधिक फोटो आज सापडले आहेत. एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रे निघालेला अमेरिकन माणूस म्हणून अभ्यासक त्याचे नाव घेतात. काळ्या माणसाची जी हास्यास्पद चित्रे छापली जात, त्यांना त्याने आपल्या करारी चेहऱ्याने उत्तर दिले.

कॅमेरा तेव्हा त्या दोघांच्याही मालकीचा नव्हता. तरी प्रतिमा कोणाची हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

महाड ते दादर

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. पनवेल आणि महाड तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हे दृश्य आज प्रत्येक आंबेडकरी माणसाच्या डोळ्यांसमोर आहे, आणि ते तिथे बसवले आहे ते मुख्यतः चित्रकारांनी, शिल्पकारांनी आणि शाहिरांनी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले, त्या परिषदेच्या मंडपात एकच तसबीर लावली होती, ती गांधींची, असे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. ज्या समाजाच्या घराघरांत पुढे बाबासाहेबांचा फोटो लागला, त्या समाजाच्या मंडपात १९२७ मध्ये तो नव्हता. प्रतिमासुद्धा लढूनच मिळवावी लागते, हे यावरून कळते.

त्या काळातील वर्तमानपत्रांकडून आपल्याला काय अपेक्षा ठेवता येणार होती? १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. जिथे पैसे मोजून चार ओळी छापून येत नव्हत्या, तिथे आपल्या परिषदेला फोटोग्राफर कोण पाठवणार? आणि आपल्या पत्रात फोटो छापायचा तर त्याचा ब्लॉक करण्याचा खर्च वेगळा. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहून काढत होते. मजकुराचीच ही स्थिती, तर फोटोंची काय कथा!

१९५६ मध्ये या परिस्थितीला एका माणसाने धक्का दिला. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत अंत्ययात्रा निघाली. लाखो माणसे रस्त्यावर होती. हे चित्रित झाले पाहिजे, हे ओळखले लेखक आणि चित्रपट क्षेत्रात काम करणारे नामदेव व्हटकर यांनी. त्यांच्या मागे कुठली कंपनी नव्हती, सरकारी आदेश नव्हता. स्वतःची मालमत्ता गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले, कॅमेरा आणि फिल्मची जुळवाजुळव केली आणि ती अंत्ययात्रा चित्रित केली. आज आपण दर ६ डिसेंबरला मोबाईलवर ती हलती चित्रे पाहतो, पुढे पाठवतो. पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना व्हटकरांचे नाव माहीत आहे?

आम्हाला वाटते, आजच्या फ्रीलान्स फोटोग्राफरचा खरा पूर्वज शोधायचा तर तो इथे आहे. कुणी काम दिले नव्हते, मानधन ठरले नव्हते. इतिहास निसटून जातो आहे एवढे कळले आणि पदरचे घालून तो धरून ठेवला. पण याची दुसरी बाजूही आहे. समाजाची सामूहिक जबाबदारी एका माणसाच्या गहाणखतावर पडली, ही आपल्यासाठी फार अभिमानाची गोष्ट नाही.

क्लिक-थ्रीपासून मोबाईलपर्यंत

पुढच्या काळात कॅमेरा हळूहळू खाली उतरला. अमेरिकेत कोडॅकने १९०० मध्येच एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला होता. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या हाती साधन आले ते आग्फा क्लिक-थ्रीसारख्या डब्याच्या रूपात. १२० नंबरचा रोल, बारा फोटो, संपले की धुवायला द्यायचे. १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, त्याचा 'इंदू' हा मार्का जुन्या स्टुडिओवाल्यांना अजून आठवत असेल. परदेशी फिल्मवर अवलंबून राहू नये म्हणून सरकारने फिल्म बनवली, हा आजच्या खासगीकरणाच्या काळात मुद्दाम आठवण्यासारखा इतिहास आहे.

तरीही फोटो हा कामगाराच्या घरात सणासारखाच येत असे. लग्नाचा एक, ओळखपत्राचा एक आणि भिंतीवर बुद्ध व बाबासाहेबांची तसबीर. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत १९६५ मध्ये फोटोग्राफीवर एक पुस्तक काढले. त्यांचा मुद्दा असा, की फोटो काढणे शिकायला सोपे आणि तुलनेने स्वस्त असले तरी कशाचा फोटो काढण्यालायक आहे हे माणूस एकटा ठरवत नाही, त्याचा वर्ग ठरवतो. आपल्याकडे त्यात जात मिळवावी लागेल. वरातीचा फोटो काढण्यालायक, पण वरातीनंतर पत्रावळी उचलणाऱ्या बाईचा नाही, ही समजूत कॅमेऱ्यात नसते. ती कॅमेरा धरणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून भरलेली असते.

फोटो पुरावा कधी होतो?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा जण मारले गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन पुढे आले. टँकर कुठे उभे होते, गोळ्या कुठे लागल्या, आधी काय घडले आणि नंतर काय, यावर सगळे अवलंबून होते. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ चा माहितीपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एका दृश्याची जागा आणि वेळ यांवर किती माणसांची अब्रू टांगलेली असते हे वेगळे सांगायला नको.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रस्थापित माध्यमांनी सुरुवातीला प्रकरणाला वेगळाच रंग दिला. पुढे मृतदेहांचे फोटो कार्यकर्त्यांच्या हातून, इंटरनेटवरून फिरले आणि समाज रस्त्यावर उतरला. त्या फोटोंमुळे सत्य दडपता आले नाही, हे खरे. सुरेखा आणि प्रियंका यांच्या विटंबित देहांचे फोटो चौकाचौकांत फिरले, त्यांच्या सन्मानाचे काय, हा प्रश्नही तितकाच खरा. अमेरिकेत १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी ठार मारले, तेव्हा त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय स्वतः घेतला आणि तो चेहरा जगाने पाहिला. तिथे निर्णय आईचा होता. कोणी ठरवायचे, हा मुद्दा इथेही येतो.

आणि ११ जुलै २०१६. तारीख रमाबाई नगरचीच, गाव गुजरातमधील उना. मेलेल्या गाईचे कातडे सोडवणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले आणि त्याचे व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढले, मिरवण्यासाठी. तेव्हा 'मोबाईल आला म्हणजे लोकशाही आली' असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. स्वस्त साधन अत्याचार करणाऱ्याच्याही हातात असते. ते आपल्या बाजूने वळवायला संघटना लागते. उनाच्या व्हिडिओचा पुरावा झाला तो लोक संघटित होऊन रस्त्यावर उतरले म्हणून.

प्रेरणा कुठून घ्यावी?

अकोल्याहून मुंबईत आलेले सुधारक ओलवे वर्तमानपत्रात छायाचित्रकार होते. त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे टिपले: गटारात उतरणारी माणसे, कचऱ्याच्या गाड्या, त्यांच्या चाळी, त्यांची घरे. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळनाडूतील पलानी कुमार यांची आई मासे विकून घर चालवणारी. त्यांनी कर्ज काढून कॅमेरा घेतला, हाताने मैला साफ करणाऱ्यांचे मृत्यू आणि त्यांच्या मागे उरलेली कुटुंबे टिपली आणि पुढे सफाई कामगारांच्या मुलांना फोटोग्राफी शिकवली. या दोघांच्या आधी अमेरिकेत गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय तरुणाने गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेऊन सुरुवात केली. १९४२ मध्ये त्याने वॉशिंग्टनमधील सरकारी कचेरीत झाडू मारणाऱ्या एला वॉटसन हिचा राष्ट्रध्वजासमोर झाडू आणि पोछा घेऊन उभी असलेला फोटो काढला.

तिघांनीही विषय शोधायला कुठे लांब जावे लागले नाही. झाडू धरणारा हात त्यांच्या ओळखीचा होता. आपल्या मुलांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या सूर्यास्ताचे फोटो जरूर काढावेत, पण आपल्याच वस्तीत किती काम पडून आहे तेही पाहावे.

पनवेलचेच घ्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईला शेतकऱ्यांनी जमिनीच्या दरासाठी लढा दिला आणि पाच जण हुतात्मा झाले. पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही अशी दहा गावे उठली, टेकडी सपाट झाली. त्या गावांची देवळे, विहार, खाडी, अंगणे आता फक्त लोकांच्या ट्रंकेतल्या फोटोंत आहेत. ते फोटो कोण गोळा करणार? २५ जून २०१६ रोजी दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस एका रात्रीत पाडले गेले, ते आपण पाहिले आहे. दप्तर सांभाळले नाही तर इतिहास मलब्यात जातो.

मग कमी पैशात काय करावे?

आता मूळ प्रश्न. आमच्या अनुभवातून आणि या धंद्यातील मित्रांशी बोलून काही गोष्टी सुचवतो.

पहिले, हातातल्या मोबाईलवर आधी शिका. प्रकाश कुठून येतो, माणूस कुठे उभा करावा, हे शिकायला महाग यंत्र लागत नाही. पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा चेहऱ्यावर उजेड टाकायला पुरतो.

दुसरे, कॅमेरा घ्यायचा तर जुना घ्या. फोर्टमध्ये डी. एन. रोड आणि बोरा बाजाराच्या भागात ही बाजारपेठ आहे. बिल मागा, सीरियल नंबर जुळवा, शटर किती वेळा चालले आहे ते तपासा, लेन्स उजेडात धरून बुरशी आहे का पाहा. बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा. ५० एमएम एफ १.८ ही साधी लेन्स कमी उजेडातही चांगले काम देते. आणि आपल्या कोकणच्या पावसात कॅमेरा बॅगेत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात लेन्स गेलीच म्हणून समजा.

तिसरे, चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नका, गरजच नाही. जिम्प, डार्कटेबल, रॉथेरपी ही पूर्णपणे मोफत आहेत.

चौथे, एकट्याने कर्जात पडू नका. चार-पाच जणांनी भिशी करून एक चांगली लेन्स, एक फ्लॅश, एक हार्ड डिस्क सामायिक घ्या. जर्मनीत १९२० च्या दशकात कामगार छायाचित्रकारांनी संघ काढले होते, त्यांचे स्वतःचे मासिक १९२६ मध्ये निघाले. सहकार आपल्याला नवा नाही. भांडवल लागलेच तर मुद्रा योजनेतील पन्नास हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या अनुदान आणि बीजभांडवलाच्या योजना आहेत. खेटे घालावे लागतात, पण ते पैसे आपल्या हक्काचे आहेत.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, कायदा वाचा. आमच्या ओळखीच्या एका मुलाने जयंतीच्या मिरवणुकीचा फोटो एका वर्तमानपत्राला दिला. तो छापून आला, नाव आले नाही, पैसेही आले नाहीत. अशा वेळी 'जाऊ दे, फोटो तर आला' असे म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच. पण कुणी मोबदला देऊन फोटो काढायला सांगितले असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी त्या सांगणाऱ्याकडे जाते. म्हणून दोन ओळींचा का होईना, लेखी करार करा: मूळ फाइल कोणाकडे राहील, फोटो कुठे वापरता येईल, नाव छापले जाईल की नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. आणि हक्क दिल्यानंतरही हा फोटो माझा आहे असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे काढणाऱ्याकडेच राहतो.

हेच नियम आपण आपल्यालाही लावले पाहिजेत. चळवळीतले कार्यकर्ते कुणाचाही फोटो उचलून पोस्टरवर टाकतात, काढणाऱ्याचे नाव टाकत नाहीत. फोटोग्राफर 'समाजासाठी' फुकट राबतो आणि मंडपवाल्याचे बिल मात्र वेळेवर दिले जाते. हे बंद झाले पाहिजे. जयंती मंडळांनी आपल्या अंदाजपत्रकात फोटोग्राफरच्या मानधनाची ओळ घालावी. विहारांनी एका हार्ड डिस्कवर वस्तीतले जुने-नवे फोटो तारीख, ठिकाण, माणसांची नावे आणि काढणाऱ्याचे नाव यांसह जपावेत आणि तिची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. आणि अत्याचारग्रस्त कुटुंबाचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय एकानेही पुढे पाठवू नये.

नामदेव व्हटकरांना १९५६ मध्ये मालमत्ता गहाण टाकावी लागली. आज तेच काम खिशातल्या यंत्राने होते. तरीही आपल्या वस्तीचा पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास दुसऱ्याच्या ओळींनी लिहिला गेला, तर दोष यंत्राच्या किमतीला देता येणार नाही. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. फोटो काढणाऱ्या आपल्या मुलांनी हे तिन्ही करावे आणि काढलेल्या प्रत्येक फोटोखाली आपले नाव लिहावे.

जय भीम!